कोरडा शाफ्ट

ओडीलने पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. पाइप वाकला, क्लच जागचा हलला नाही.

"राहू दे गं," रोझेअर म्हणाला. "गंजून बसलाय तो. बर्फ वितळून बोटी सुरू झाल्या की दुसरं इंजिन मागवू."

"क्लचमागचं एक सील गेलंय, काका. तेवढ्यासाठी इंजिन बदलतं का कोणी? मध्ये येऊ नका, पट्टा धरा."

क्लच फिरू नये म्हणून त्याच्याभोवती गुंडाळलेला पट्टा रोझेअरने धरला. पुतणी शहरातून इंजिनांचं काम शिकून आली होती. तिला थापा मारून गप्प बसवायचे दिवस गेले होते. शेडमधल्या शेगडीकडे बघत तो उभा राहिला.

ही स्नोमोबाईल, बर्फावरून धावणारी गाडी, लेओन्सची, ओडीलच्या वडिलांची. नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती गोठलेल्या खाडीवर उभी सापडली, आणि लेओन्स तिथून चार किलोमीटरवर, बर्फात गारठून मेलेला. रोझेअरने दोरी ओढली तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गाडी चालवत त्यानेच घरी आणली. मग गावाने काय ते ठरवून टाकलं. चांगली चालती गाडी सोडून पायी निघालेला माणूस प्यायलेला नसेल तर काय? फर्नांद वहिनीनेही तेच मानलं. तिने नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवला तो पुन्हा लावला नाही.

लेओन्स निघाला त्या सकाळी हा क्लच रोझेअरने बसवला होता, आणि बसवण्याआधी शाफ्टला बोटाने ग्रीस फासलं होतं. समुद्रकाठची माणसं ती. खाऱ्या वाऱ्यात ग्रीसशिवाय काही बसवलं की पुढे डोकेदुखी ठरलेली. भावाला कधी काढावा लागला तर सहज निघावा, एवढंच त्याच्या मनात होतं. हा जोड कोरडाच बसवायचा असतो, हे त्याला दोन वर्षांनी कळलं. त्यानंतर गाडीवरची ताडपत्री त्याने कुणाला काढू दिली नव्हती. यंदा ओडीलने त्याला न विचारताच काढली.

तिने आता क्लच ओढायचा लांब बोल्ट बाहेर घेतला, भोकात पाणी भरलं, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून बोल्ट पुन्हा पिळला. कोंडलेल्या पाण्याला जायला वाट नव्हती. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि क्लच तिच्या मांडीवर आला.

ओडीलने दिवा जवळ ओढला. शाफ्ट निळा पडला होता, ओरखड्यांनी भरलेला. कडेला काळं, करपलेलं ग्रीस होतं. ते तिने नखाने खरवडून पाहिलं.

"ग्रीसमुळे पकड सुटली होती," ती हळू म्हणाली. "इंजिन चालू आणि गाडी जागेवर. शाफ्ट आत नुसताच फिरला, तापला. गार झाल्यावर सगळं घट्ट चिकटलं, म्हणून तुम्हाला गाडी चालवत आणता आली." तिने मान वर केली. "काका, बाबा प्यायलेले नव्हते."

"नव्हता."

"पण इथं ग्रीस? एवढं कळत नव्हतं बाबांना?"

म्हणजे दोष पुन्हा लेओन्सच्याच माथी. रोझेअरला गप्प राहता आलं असतं. इतकी वर्षं तेच तर जमलं होतं. त्या गप्प राहण्याची त्याला किळस आली.

"मी लावलं," तो म्हणाला.

ओडीलने क्लच फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

"आईला तुम्ही सांगा. मी येणार नाही."

स्वयंपाकघरात फर्नांद वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"निघाला का रे तुमचा क्लच? टोपी काढ आधी. बस, वाढते."

टेबल खराब होऊ नये म्हणून तिने जुना पेपर पसरला. रोझेअरने क्लच त्यावर ठेवला, टोपी काढली, पण बसला नाही.

"वहिनी, लेओन्सचा फोटो कुठे ठेवलाय?"

तिचा डाव पातेल्यातच थांबला. "आता कशाला?"

"आधी तो भिंतीवर लावा. मग मी सांगतो. मला वाढायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा."