सुलैचा कोरडा फलक

मित्रांनो, मी एक जुना, मेलेला डिजिटल फलक आहे. रियाधच्या अल सुलै भागात एसी आणि कूलर विकणारं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या आवारात, भंगार कॉम्प्रेसरांच्या ढिगाशेजारी मी पडून असतो. तुमची कीव मला नको. माझी कहाणी ऐकून तुम्हाला माणसांचा थोडा तिटकारा आला तरी पुरे. मला तो भरपूर आला आहे. एका माणसापाशी मात्र तो अडतो, आणि त्याचंच मी सांगणार आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथं माझी चांगली बडदास्त होती. माझ्या पाठीला श्वास घ्यायला जाळीच्या फटी ठेवल्या, आत पंखे बसवले आणि तापलेल्या खोलीत कोंडून माझी परीक्षा घेतली. मी पास झालो. 'वाळवंटातही चालेल' असा शिक्का खोक्यावर बसला आणि सोबत एक जाड माहितीपुस्तिका आली. सुलैला पोचल्यावर तिच्यावर पहिल्याच दिवशी चहाचा कप ठेवला गेला, तो पुन्हा उचललाच नाही. माणसाला वस्तू हवी असते, वस्तूचं म्हणणं नको असतं.

दुकानाचा मालक अबू फहद. त्यानं मला विकत घेतलं ते गरजेपोटी नव्हे. समोरच्या टायरवाल्यानं झगमगता फलक लावला होता आणि ते याला बघवेना, एवढंच. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही ऐकले असतील. हा गृहस्थ गाडीत बसून, गाडीचा एसी चालू ठेवून हाकायचा. काच चार बोटं खाली यायची, हुकूम बाहेर पडायचा, काच पुन्हा वर जायची. त्या काचेतून त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "टायरवाल्याच्यापेक्षा मोठा आहे ना?"

दुकान खरं चालवायचा हनीफ. हा रत्नागिरीतल्या जयगडकडचा, कित्येक वर्षं याच गल्ल्यावर उभा राहिलेला. कोणत्या घराला कोणता एसी लागेल हे तो गिऱ्हाइकाच्या आधी सांगायचा. पण त्या वर्षी सौदीकरणाचा हुकूम निघाला. अशा दुकानांत विक्रीला परदेशी माणूस चालणार नाही, सौदीच हवा. हनीफच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, नेमकं 'सेल्समन' लिहिलेलं. त्याच्या खुर्चीवर नबील नावाचा सौदी तरुण येऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा! स्प्लिट एसी आणि खिडकीचा एसी यातला फरक त्याला हनीफनंच शिकवायचा, आणि हा शिकताना फोनवर फुटबॉल बघायचा. हनीफला तो "सदीक" म्हणायचा. सदीक म्हणजे मित्र. पण इथं नाव लक्षात ठेवायचा कंटाळा आला की माणसं परदेशी कामगाराला सदीकच म्हणतात.

मग एके दिवशी गाडीची काच खाली आली. "हनीफ," अबू फहद म्हणाला, "हा फलक तू सांभाळ. उन्हाळाभर नीट चालला तर तुला टेक्निशियन म्हणून ठेवून घेतो. बंद पडला, तर खलास."

हनीफला पुढचा मार्च गाठायचा होता. त्याची मुलगी अदिबा इथल्या भारतीय शाळेत दहावीला होती. बाप गेला की त्याच्या परवान्यावर राहणारी बायको आणि मुलगीही जाणार, आणि दहावी अर्ध्यावर सोडली की वर्ष बुडणार. म्हणजे एका मुलीचं वर्ष त्या दिवसापासून माझ्या पाठीवर लादलं गेलं. मला कोणी विचारलं? छे!

माझ्यावर काय दाखवायचं, ते अदिबानंच तयार केलं. एका शुक्रवारी बापाबरोबर दुकानात येऊन तिनं लॅपटॉप जोडला. "अब्बा, डन. स्नो रुकेगा नहीं, लूप है," ती म्हणाली. माझ्या अंगावर बर्फ पडू लागला. भुरभुर पडणारा पांढरा बर्फ, आणि त्यातून उमटणारी दुकानाची अरबी अक्षरं. हनीफ रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघत उभा राहिला. "शरफुन्निसा, ऐकतेस ना," त्यानं बायकोला फोन लावला, "सुलैत बर्फ पडतंय." मुलगी लाजली. मला तो पोरखेळ वाटला, तरी बर्फ मी झकास पाडला.

आणि मग त्यानं माझी काळजी घेतली. मित्रांनो, इथंच घात झाला.

हनीफच्या लहानपणी एका पावसाळ्यात गळक्या कौलाखाली त्याच्या बापाचा रेडिओ भिजून कायमचा मुका झाला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. कोकणात पावसाळ्याआधी आगोट करतात: लाकडं, धान्य, सुकी मासळी सगळं झाकून, बांधून, फटी बुजवून ठेवायचं. पाणी आत जाता कामा नये, एवढंच शास्त्र. मला टांगायला आलेला इलेक्ट्रिशियन तुकाराम, तो संगमेश्वरचा. म्हणजे पावसात जन्मलेले दोघे एका शिडीवर चढले आणि माझी पाठ बघून हादरले.

"हनीफभाई, ह्याला तर पाठीला भोकाच भोकां हायत!" तुकाराम म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. पाणी आत गेलं की संपलं."

"बुजवून टाकू. वरून ताडपत्री. आपली आगोट."

ज्या गावात वर्षात एखाद-दोन वेळा आभाळ शिंकतं, त्या गावात या दोन शहाण्यांनी माझ्या श्वासाच्या सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवल्या. त्यावर प्लास्टिक चिकटवलं, वरून ताडपत्रीची पट्टी ओढली आणि होडी बांधतात तशी गाठ मारली. गाठ मारताना हनीफच्या ओठांवर बिस्मिल्ला होतं. इतक्या प्रेमानं कुणी कुणाचा गळा दाबलेला मी तरी पाहिला नाही.

मे गेला, जून गेला. मी पश्चिमेला तोंड करून टांगलेला. दुपारनंतर सूर्य समोर यायचा, आतले पंखे फिरायचे आणि तीच गरम हवा तिथल्या तिथं घुसळायचे. जगाला गारवा विकणाऱ्या दुकानाच्या कपाळावर मी भाजत होतो आणि अंगावर बर्फ पाडत होतो. हनीफ रोज सकाळी शिडी लावून फडक्यानं माझ्यावरची धूळ पुसायचा. पाठीला हात लावायचा, तो चटकन मागे घ्यायचा आणि म्हणायचा, "ऊनच एवढं आहे, बिचारा काय करणार." मी ओरडू शकलो असतो तर त्याला अक्कल शिकवली असती.

ऑगस्टमध्ये अबू फहद आपल्या दोन नातेवाइकांना मला दाखवायला घेऊन आला. त्या दिवशी तो चक्क गाडीतून उतरला. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज नुकतीच झाली होती आणि सूर्य थेट माझ्या तोंडावर होता. पाहुण्यांनी मान वर केली. माझ्या वरच्या कोपऱ्यात एक काळा डाग उमटला. तो पसरत खाली आला, त्यानं आधी दुकानाचं नाव खाल्लं, मग बर्फ खाल्ला. आत कुठंतरी तडतडलं आणि मी संपलो. समोर टायरवाल्याचा फलक छान लखलखत होता. त्याच्या पाठीला हात लावणारं, सुदैवानं, कोणी नव्हतं.

एक पाहुणा हसला. अबू फहदनं हनीफकडे बघितलंसुद्धा नाही. "खलास," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

सप्टेंबरात हनीफचं कुटुंब निघालं. जाण्याच्या आदल्या दिवशी तो मागच्या आवारात आला, जिथं मला फेकलं होतं. मला वाटलं, आता तरी हा लाथ घालील. घालायला हवी होती. त्यानं मला कॉम्प्रेसरांपासून जरा दूर ओढलं, खाली विटा लावल्या, फडक्यानं काच पुसली आणि पूर्ण ताडपत्रीत गुंडाळून तीच होडीची गाठ मारली. नबील दारात उभा राहून हसत होता.

"सदीक, हा मेलाय. आणि इथं पाऊस कुठं येतो?"

"सांगता येत नाही," हनीफ म्हणाला. त्यानं गाठ आणखी एकदा ओढून बघितली. मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला, आणि तो राग नव्हता हे मला नंतर कळलं.

माझ्या जागी नवा फलक आला. आणखी मोठा. त्याच्या फटी मोकळ्या होत्या, पाठीवर हवा खेळत होती, आणि त्याचा तोरा काय वर्णावा! नोव्हेंबरमध्ये एका दुपारी आभाळ काळं झालं. सुलैच्या गल्ल्यांत गटारं नावालाच. बघता बघता रस्त्यावर गुडघाभर पाणी भरलं; मागच्या उंच आवारात ते माझ्या विटांपर्यंतच आलं. वारा तिरका होता. पाऊस नव्या फलकाच्या त्या मोकळ्या फटींतून सरळ आत गेला आणि एक निळी ठिणगी उडून त्याचा तोरा विझला. अबू फहदची गाडी चौकातल्या पाण्यात बंद पडली होती, त्यामुळे त्या दिवशी काच खाली आली नाही.

पाणी ओसरल्यावर नबील मागच्या आवारात आला. का आला, त्याचं त्यालाच ठाऊक. त्यानं ओली ताडपत्री चाचपली, खूप खटपट करून गाठ सोडली आणि आत हात घातला. मी विटांवर कोरडा ठणठणीत होतो. मग त्यानं गाठ पुन्हा मारायचा प्रयत्न केला. जमेना. तेव्हा त्यानं रत्नागिरीला फोन लावला.

"अबू अदिबा," तो म्हणाला. अदिबाचे वडील. मानानं हाक मारायची इथली रीत हीच. ती हनीफच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती. "पाऊस आला. नवा मेला. ती गाठ कशी मारायची?"

हनीफनं फोनच्या कॅमेऱ्यासमोर दोरी धरून गाठ दाखवली. नबीलनं चुकत चुकत मारली. मग तो म्हणाला, "मी बोलतो मालकाशी. परत ये."

"आत्ता नाही. पोरीचं वर्ष गेलंय," हनीफ म्हणाला. "जूनपासून पुन्हा दहावी करायचीय तिला. तिची परीक्षा होऊ दे." फोनमधून कावळ्यांची कावकाव ऐकू येत होती. "नबील, माझा तो... कोरडा आहे ना?"

"कोरडा आहे."

"अल्हम्दुलिल्लाह," हनीफ म्हणाला. एका मेलेल्या फलकासाठी अल्लाचे आभार!

तेव्हा मित्रांनो, एखाद्याला जपायचंच असेल तर आधी त्याला कशाची भीती आहे ते विचारा. स्वतःची भीती त्याच्या पाठीवर चिकटवू नका. मी जगलो असतो तर एका मुलीचं वर्ष वाचलं असतं, आणि मला मारलं ते मायेनंच. मालकांचा, पाहुण्यांचा, सगळ्या गावाचा मला अजून तिटकारा आहे. पण रात्री वारा सुटतो, ताडपत्री फडफडते आणि मी गाठ चाचपून बघतो. नबीलनं मारलेली ती गाठ वाकडी आहे. पण घट्ट आहे.