डावीकडचं भोक

"चारही तारा एकदम काहून सोडल्या?" वच्छलाने दारातूनच विचारले.

चंद्रभानने व्हायोलिन हलवले, तशी आत काडी खडखडली. ही बोटभर काडी वाद्याच्या पोटात फक्त दाबाने उभी असते. सरस नाही, खिळा नाही. तारा सुटल्या की आडवी होते. तीस वर्षे मुरलेल्या कारागिराने नवख्याची चूक केली होती.

सीताबर्डीच्या या दुकानात काडी बसवायचा तो चंद्रभान-वच्छलाचा मुलगा, ओमप्रकाश. दोन वर्षांपूर्वी तो काविळीने गेला, तेव्हापासून चंद्रभानने व्हायोलिन दुरुस्तीला घेतलेच नव्हते. हे मोहननगरच्या डिमेलो मास्तरांचे, दोनशे वर्षांपूर्वीचे, इटलीतले. आतल्या चिठ्ठीवर घराण्याचे नाव होते. मास्तरांनी वाचून दाखवले होते, "अमुक आणि मुलगा. व्हायोलिन बाप घडवायचा, काडी मुलगा बसवायचा. त्या काडीला ते लोक आत्मा म्हणतात."

चंद्रभानच्या पाटीवरही 'आणि मुलगा' होते. ही काडी उभी झाली नाही, तर ते दोन शब्द पुसायचे, असे त्याने ठरवले होते. पेंटरला आज चारला बोलावलेही होते.

सकाळपासून तो वाकड्या टोच्याने काडी टोचून वाद्याच्या फटीतून आत नेत होता. सात वेळा ती पडली.

"जेवून घ्या आधी," वच्छला म्हणाली.

दुकानाला आतून कडी लावून दोघे मागच्या खोलीत गेले. ताटे तीन होती.

"हे तिसरं कोनाचं वं?"

"हात गेला माहा."

जेवण झाल्यावर त्याने व्हायोलिन उचलले. खडखड नाही. टॉर्च लावून फटीतून पाहिले. काडी उभी होती.

"तू हात लावला का?"

"मी कायले लावू? तुमच्यासंगच तं जेवून राहिली होती!"

दाराची कडी तशीच होती. त्याने पुन्हा टॉर्च धरला. काडीच्या उजव्या अंगाला टोच्याची सात भोके होती, त्याची स्वतःची. डाव्या अंगाला एक, ताजे.

ओम डावखुरा होता. त्या हातावर चंद्रभानने फूटपट्टी मारली होती, कितीदा तरी.

त्याने एकेक करून चारही तारा ताणल्या. काडी हलली नाही. वच्छलाने न विचारता एक तार बोटाने छेडली. आवाज थांबला, तरी दोघे कान देऊन बसून राहिले.

चारला पेंटर आला. शिडी लावून त्याने ब्रश बाहेर काढला. "पुसू ना गा, भाऊ, ते दोन शब्द?"

"नोको," चंद्रभान म्हणाला. "रंग उडला हाये त्यायचा. भरून दे."