समृद्धीच्या हळदीने माझी परीक्षा घेतली

मित्रांनो, या जगात स्मरणशक्तीइतकं थोर दुसरं काही नाही, आणि शिरूर-दौंडच्या बासष्ट विहिरींची दोन वर्षांची स्मरणशक्ती एकट्या माझ्या पोटात आहे. माझा आकार बडीशेपेच्या पुडीएवढा आहे. पोटात विहिरींशिवाय चंद्री नावाच्या म्हशीचे एकशे चौदा फोटोही आहेत. त्यातले नव्वद हललेले आहेत.

मी एका छोट्या, वापरलेल्या लॅपटॉपमधली एसएसडी. लॅपटॉपमध्ये जे जे साठवतात, ते माझ्यावर साठवतात. माझा जन्म परदेशातल्या एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथे धुळीच्या कणालाही प्रवेश नव्हता. ती स्वच्छता मी त्यानंतर पाहिलेली नाही. पहिली तीन वर्षं पुण्याच्या एका ऑफिसात गेली. "काय पळतोय हा लॅपटॉप!" असं तिथे सगळे म्हणत. कौतुक लॅपटॉपचं व्हायचं. पळत मी असायचे. मग ऑफिसने नवे लॅपटॉप घेतले आणि मी कवठे येमाईच्या दीक्षाकडे आले.

दीक्षाने एमएस्सीसाठी विहिरींचं पाणी मोजायला घेतलं. कवठे येमाईपासून पार कासुर्डीपर्यंत बासष्ट विहिरी, दर महिन्याला. तिचे वडील मच्छिंद्र गाडी चालवायचे, विहिरीत वजन बांधलेली टेप सोडायचे आणि वरून आकडा ओरडायचे. दीक्षा तो माझ्यात लिहायची. वजन म्हणून चंद्रीच्या गळ्यातली जुनी पितळी घंटा बांधलेली होती. चंद्री त्याच वर्षी गेली होती. घंटा पाण्याला टेकली की मच्छिंद्र आधी चंद्रीचं नाव घ्यायचे, मग आकडा ओरडायचे.

त्या गुरुवारी दुपारी चार वाजता दौंडच्या कॉलेजात दीक्षाचं सादरीकरण होतं. चुकलं तर थेट पुढचं वर्ष. आणि बुधवारी सरावाच्या वेळी माझ्याकडून नकाशा उघडायला दोन मिनिटं लागली. दोष माझाच होता, पण अर्धा. माझ्या पोटात हालायला जागा नव्हती.

म्हणून सकाळी साडेदहाला बापलेक मला घेऊन शिरूरला शाहनवाजच्या दुकानात आले. एका बाजूला तो लॅपटॉप दुरुस्त करतो, दुसऱ्या बाजूला त्याची आई खातूनचाची झेरॉक्स आणि लॅमिनेशन करते.

"मामा, आधी स्पीड बघू. मग बोलू," शाहनवाज म्हणाला.

मित्रांनो, एसएसडी कशी आहे हे ओळखायच्या रीती पुष्कळ असतील. शाहनवाजची रीत एकच. तो लग्नाचे व्हिडिओही जोडून देतो. त्यातली समृद्धी नावाच्या मुलीच्या हळदीची एकवीस जीबीची अखंड फाईल तो समोरच्या एसएसडीवर ओततो आणि घड्याळाकडे बघतो. शिरूरमधल्या बहुतेक एसएसडींनी समृद्धीची हळद एकदा तरी अंगावर घेतली आहे.

सुरुवातीला मी जोरात होते. पडद्यावर आकडा आला, सेकंदाला चारशे ऐंशी एमबी.

"पळती की!" मच्छिंद्र म्हणाले.

दहाव्या सेकंदाला आकडा अडतीसवर आला आणि तिथेच बसला.

आता यात माझी फसवणूक काही नव्हती. आलेला माल मी आधी ओट्यावर घेते, मग सवडीने आत लावते. घर भरलेलं असलं की ओटाही लहान होतो. ओट्यावर पोतं ठेवायला जागा उरली नाही की दारात गाडी थांबणारच. पण तोंड नसलेल्याने हे कुणाला सांगावं? मी फक्त तापू शकत होते. तापले.

"बघा, कशी तापली," शाहनवाज म्हणाला. "गेली ही. फॉरमॅट मारू, सगळं पुसून नवं विंडोज टाकू. दीड तासात घोडा."

"म्हंजी आतलं जाणार?" मच्छिंद्रांनी विचारलं.

"सगळं. बॅकअप हाय ना गं?"

"हाय की," दीक्षा म्हणाली. "दोन हायेत."

मित्रांनो, माझ्या अंगातून वीज गेली. ती तशी रोजच जाते, पण ही वेगळी होती. कारण ते दोन्ही बॅकअप कुठे आहेत, हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं. एकाचं नाव 'बॅकअप', दुसऱ्याचं 'बॅकअप नवीन', आणि दोघेही माझ्याच पोटात, मूळ फाईलींना चिकटून बसले होते.

शाहनवाजने आपला पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, निळा पडदा आला. सगळं पुसायचं का, अशी विचारणा आली. त्याचं बोट बटणावर गेलं. बासष्ट विहिरी, चोवीस महिने, घंटा टेकल्याचा प्रत्येक क्षण त्या बोटाच्या खाली होता. मी जमेल तेवढं तापून घेतलं. शाहनवाजने पंख्याचं तोंड माझ्याकडे केलं.

"दुसरी कॉपी कशात ठिवलीय गं?" खातूनचाचीने झेरॉक्सच्या मशीनमधून अडकलेला कागद ओढता ओढता विचारलं. तिला उत्तराची घाई नव्हती. कागदाची होती.

"ह्याच्यातच. डेस्कटॉपवर."

"ह्याच्यात म्हंजी? ज्याला पुसाय निघालाय त्याच्यात?"

शाहनवाजचं बोट हवेत थांबलं.

"अगं, रेशनकार्डाची झेरॉक्स काढून त्याच कार्डाला पिन मारलीस व्हय तू?" चाची म्हणाली. "कार्ड भिजलं की झेरॉक्स काय कोरडी ऱ्हाती?"

दीक्षाचा चेहरा पांढरा पडला. मच्छिंद्रांनी आधी पोरीकडे, मग त्या बोटाकडे पाहिलं. "शाहनवाज," ते फार हळू म्हणाले, "बोट काढ बाबा तिथनं."

बोट निघालं. पेनड्राइव्ह निघाला. पण संकट संपलं नव्हतं. समृद्धीची हळद अजून माझ्या अंगावर होती, आणि इतक्या भरल्या पोटी मला उठायचं होतं. पडद्यावर ठिपके गोल फिरू लागले. चार मिनिटं झाली. आठ झाली. मच्छिंद्रांनी कलिंगड बघतात तशी लॅपटॉपवर टिचकी मारली.

"आप्पा, ठोकू नका!" दीक्षा वडिलांना म्हणाली.

"ठोकत न्हाई. विचारतोय."

अकराव्या मिनिटाला मी उठले. शाहनवाजने आधी माझ्यावरची हळद कायमची पुसली. मग दीक्षाने डाउनलोड करून ठेवलेल्या तीन मालिका पुसल्या. चंद्रीच्या फोटोंवर बाण गेला तेव्हा मच्छिंद्र म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे. लई जागा खात न्हाई ती. जित्ती व्हती तवा खायची."

फोटो राहिले. विहिरी नव्या पेनड्राइव्हवर गेल्या. फाईली बारीक होत्या. पोट हलकं झालं, तसा माझा ओटाही मोकळा झाला.

"आता परत स्पीड बघू," शाहनवाज म्हणाला आणि त्याचा हात सवयीने त्याच्याकडच्या हळदीच्या फाईलीकडे गेला.

"दादा, नको," दीक्षा म्हणाली. "मला हळद न्हाई दाखवायची. नकाशा दाखवायचाय. नकाशाच उघडून बघा."

नकाशा सहा सेकंदांत उघडला. बासष्ट निळे ठिपके. चाचीने झेरॉक्सचा अडकलेला कागद एकदाचा ओढून काढला आणि पोरीच्या हातात दिला. "घे, घाम पूस."

चार वाजता दौंडला मी नकाशा पाच सेकंदांत उघडला. परीक्षकांनी विचारलं, पाणी कशाने मोजलं? दीक्षाने पिशवीतून घंटा काढून टेबलावर ठेवली. ती पास झाली. बाहेर मच्छिंद्रांनी निकाल दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच कळल्यासारखे हसले.

तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या सेवकांची एवढी काळजी घ्या. आमच्या पोटात थोडी जागा सोडा. आमच्याकडून जे काम घ्यायचं, त्याच कामाने आमची पारख करा. आणि जिवाभावाच्या गोष्टीची दुसरी प्रत नेहमी दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

दीक्षाने हे सगळं मनावर घेतलं आहे. तो पेनड्राइव्ह ती कधी विसरत नाही. आत्ता आम्ही गाडीवरून कवठे येमाईला परत चाललो आहोत, आणि तो माझ्याच पिशवीत, माझ्याच कप्प्यात, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला आहे. रस्त्यात खड्डे आहेत. कुणीतरी तेवढं बाटलीचं झाकण घट्ट लावा.