कप्तानच्या कॉलरपर्यंत

आमच्या गावातल्या बास्केटबॉलच्या स्पर्धेला दरवर्षी बारा संघ उतरतात आणि बाराही संघांचे कपडे मी शिवते. त्यामुळे गावातल्या प्रत्येक बाप्याच्या पोटाचा घेर मला पाठ आहे, आणि तो दरवर्षी किती वाढतो तेही. मुलींना मात्र ह्या स्पर्धेत एकच काम. उद्घाटनाच्या मिरवणुकीत संघाची सुंदरी म्हणून खांद्यावरून रेशमी पट्टा घालून चालायचं, हात हलवायचा आणि मग बाजूला बसून सरबत प्यायचं. तो पट्टाही मीच शिवते.

त्या वर्षी मासळीबाजाराच्या संघाची सुंदरी होती क्लारिबेल. पंधरा वर्षांची, माझ्या टेपने जेमतेम पाच फूट. मिरवणूक संपली, कप्तान सेबियो, म्हणजे आमचा गावप्रमुख, भाषणाला उभा राहिला, आणि ह्या बयेने टाचांचे बूट काढले, चेंडू उचलला, अनवाणी धावत जाऊन तो जाळीत टाकला. पट्टा टर्रकन फाटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कप्तानचं भाषण वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती फाटका पट्टा घेऊन माझ्या दारात.

"तिता नोरिंग, हा शिवायचा नाहीये. मला उडी मारायला शिकवा."

सगळं गाव मला तिता म्हणतं. मावशी, काकू, आत्या, जी हवी ती समजा. माझी दोन पोरं आणि त्यांची टोळी मी अंगणातच खेळाडू म्हणून घडवली होती, ते तिला ठाऊक होतं. मी शिकले कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. रद्दीतलं एक व्यायामाचं पुस्तक, फोनवर दिसेल ते, आणि बाकी डोळ्यांनी. शिंप्याला माणसाचं अंग कपड्याच्या आतून कळतं.

"उडी कशाला हवीय?" मी विचारलं.

"प्रांताच्या क्रीडाशाळेत मुलींच्या दोन जागा आहेत. राहणं, जेवण फुकट. ईस्टरनंतरच्या सोमवारी चाचणी. जागेवरून पंचेचाळीस सेंटिमीटर उडी मारता आली पाहिजे, नाहीतर चेंडू हातात देतच नाहीत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जूनपासून लुसेनाला, मावशीच्या खानावळीत." नाक मुरडून म्हणाली, "भात वाढायला."

मैदानाच्या भिंतीवर कप्तानचं एक भलंमोठं फलक-चित्र लावलेलं होतं, पांढरा सदरा, दात दाखवणारं हसू. क्लारिबेल त्याच्याखाली हात वर करून उभी राहिली की बोटं त्याच्या पट्ट्याच्या बकलाला लागायची. बोटांना खडू लावून मी तिला उडी मारायला लावली. सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाला खूण उमटली. टेप लावला: छत्तीस. पंचेचाळीस मोजले तर बरोबर कॉलर येत होती.

"नऊ सेंटिमीटर," ती म्हणाली. "एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हटलं. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, काम चांगलं असलं की.

पहिले तीन आठवडे मी तिला उडी मारू दिलीच नाही. नुसतं उतरायला शिकवलं. बाकावरून खाली पाऊल टाकायचं, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, आणि आवाज करायचा नाही. आवाज आला की पुन्हा. मग ओझं. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून, मधून नळी घालून केलेली माझी वजनं अंगणात होतीच. ती खांद्यावर घेऊन बसायचं, उठायचं. एका पायावर पायरी चढायची. दोरीवरच्या उड्या. सुरुवातीला रिकामी नळी, मग छोटे डबे, मग मोठे. माप मी टेपने घ्यायचे. डिसेंबरात तिच्या मांड्यांचा घेर अडीच सेंटिमीटर वाढला होता आणि खडूची खूण दुसऱ्या बटणावर गेली होती.

कप्तान एकदा माझ्या मशीनशी येऊन उभा राहिला. "नोरिंग, माझ्या छातीवर हे कुणाच्या हातांचे ठसे?"

"मतदारांचे, कप्तान."

"मतदार एवढा बुटका?"

"तीन वर्षांनी अठराची होईल. तेव्हा उंच वाटेल तुम्हाला."

तो गेला, आणि नंतर काही बोलला नाही.

बोलायची ती लोला पासिंग. लोला म्हणजे आजी. क्लारिबेलला तिनेच वाढवलेलं. लोला पासिंग रोज संध्याकाळी हातात सुका टॉवेल घेऊन अंगणाच्या कडेला येऊन बसायची, आणि व्यायाम संपला की पोरीला पाण्याच्या जवळपास फिरकू द्यायची नाही.

"तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की पास्मा होतो. हात थरथरायला लागतात. मग चेंडू कशाने धरशील, कोपराने?"

"लोला, घामाचा वास येतोय मला!"

"येऊ दे. वासाने कुणी लुळं पडत नाही." मग मोर्चा माझ्याकडे. "आणि तू गं नोरिंग, पोरीच्या डोक्यावर सिमेंट ठेवतेस, ती वाढायची कशी? दाबून बुटकी करशील तिला."

"डोक्यावर नाही लोला, खांद्यावर. आणि पुस्तकात लिहिलंय की नीट केलं तर काही होत नाही."

"पुस्तक लिहिणारा किती उंच होता?"

मी डबे आवरायला घेतले.

फेब्रुवारीच्या शेवटी त्रेचाळीस झाले. कॉलरला दोनच सेंटिमीटर कमी. मी रात्री झोपेतही मोजत होते. आणि मग मार्च आला आणि खूण खाली सरकायला लागली. बेचाळीस. पुन्हा बेचाळीस. एक्केचाळीस.

मला वाटलं, ढिलाई होतेय. मी आणखी दोन फेऱ्या वाढवल्या. रोजच्या उड्या ऐंशीवरून एकशेवीस केल्या. रविवारची सुट्टी बंद. क्लारिबेल तोंड मिटून सगळं करायची, पण उतरताना आवाज यायला लागला होता, धप्प, धप्प, पोतं टाकल्यासारखा. एकदा तिची मांडी मोजायला टेप लावला तर हाताला लाकूड लागल्यासारखं झालं.

"दुखतंय?"

"नाही, तिता."

"खरं सांग."

"सगळीकडे दुखतंय म्हणून नेमकं कुठे ते सांगता येत नाही."

तरी मी थांबवलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण थांबवलं नाही. चाचणीला दोन आठवडे होते आणि थांबायचं म्हणजे हरायचं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी चाळीस.

क्लारिबेल त्या खुणेकडे बघत राहिली. "तिता, भात वाढायला पण ताकद लागते," म्हणाली. हसायला गेली आणि डोळे भरले तिचे.

"उद्या पहाटे पाचला ये," मी म्हटलं. "चार दिवस आहेत अजून."

गुरुवारी पाचला ती आली नाही. सहाला नाही. सातला मीच तिच्या घरी गेले. अंगणात मांडव घातलेला. येशूच्या यातनांच्या ओव्यांचं पारायण सुरू, दोन म्हाताऱ्या माइकवर एकमेकींवर कुरघोडी करत गात होत्या. ह्या वर्षी पारायण लोला पासिंगकडे होतं. क्लारिबेल गाणाऱ्यांना आल्याचा चहा आणि बिस्किटं देत फिरत होती.

"लोला, अर्धा तास द्या मला हिचा."

"आज, उद्या, परवा नाही." लोला नारळ खवत होती, मान वर केली नाही. "उद्या दुपारी तीनला देव मरतो. देव मेलेला असताना उड्या मारतं का कुणी? लागलं तर जखम वर्षभर भरत नाही."

"चाचणी सोमवारी आहे! तीन दिवस फुकट जातील!"

"देवाला विचार फुकट जातात का ते. तो तरी कुठे काही करतोय शनिवारपर्यंत?"

माइकवरची एक म्हातारी ओवी मध्येच तोडून म्हणाली, "पासिंग, भांडायचं असेल तर माइकपासून लांब." सगळ्या वस्तीने ऐकलं.

मी रागारागात निघणार तेवढ्यात लोलाने माझ्या हातात दुसरी खवणी दिली. आमच्याकडे पारायणाच्या घरातून रिकाम्या हाताने आणि रिकाम्या पोटाने जाता येत नाही. मी बसले. नारळ खवले. शुक्रवारी नारळाच्या दुधात रताळी, केळी, साबुदाणा शिजवला आणि वाट्या भरभरून वाढला. तेवढ्या वेळात मनातल्या मनात तीनशेसाठ बुडालेल्या उड्या मोजल्या. क्लारिबेल सकाळी चहा वाटायची, दोन वाट्या खायची आणि बाकावर आडवी होऊन झोपायची. कर्णा तिच्या डोक्यापासून हातभर लांब, तरी झोपायची. शुक्रवारी अकरा तास. शनिवारी किती ते मी मोजायचं सोडून दिलं.

रविवारी पहाटे ईस्टरच्या घंटा वाजल्या. आमच्याकडे त्या घंटांना पोरं जागच्या जागी उड्या मारतात. तेव्हा मारली की उंची वाढते म्हणतात. चर्चसमोर शंभरेक पोरं टुणटुणत होती आणि त्यांच्यात क्लारिबेल. मी सवयीने तिच्या पायांकडे कान लावला.

आवाज नव्हता.

तिच्याकडे बघितलं तर ती स्वतःशीच हसत होती, आणि घंटा थांबल्या तरी तिची एक उडी अजून चालूच होती.

सोमवारी आम्ही तिघी जीपने गेलो. क्रीडाशाळेच्या मैदानावर चाळीसेक मुली, बहुतेक हिच्याहून वीतभर उंच. भिंतीला मोजपट्टी. चाचणी घेणाऱ्या बाई गळ्यात शिट्टी घातलेल्या, कडक. प्रत्येकीला तीन उड्या.

पहिली: त्रेचाळीस.

"हात उशिरा वर जातोय," मी ओरडले.

"तू गप बस," लोला म्हणाली.

दुसरी: सेहेचाळीस. मी लोलाचा दंड एवढ्या जोरात धरला की तिने मला चापट मारली. तिसरी मारायची गरज नव्हती, पण क्लारिबेलने मारली. एकोणपन्नास.

बाईंनी पट्टी दोनदा तपासली. "मागचे काही दिवस काय करत होतीस?"

"काही नाही, मॅडम. झोपले. लोला उडी मारू देत नव्हती."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तिता थांबू देत नव्हती."

बाई पहिल्यांदा हसल्या. "स्नायू कष्टाने झिजतात आणि विश्रांतीत भरून येतात, पोरी. दमलेले पाय कितीही ढकल, वर जात नाहीत. चाचणीआधी तुला ज्या कुणी आराम दिला, ते फार शहाणं माणूस असणार."

लोलाने मान ताठ केली. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. माझ्या पायात चपला होत्या.

मग क्लारिबेलच्या हातात चेंडू दिला. त्याबद्दल मी काय सांगू? तिला तो आधीपासून येतच होता, फक्त कुणी द्यायचं बाकी होतं. तीन वाजता नावं वाचली. दोनात दुसरं तिचं. ती आधी लोलाकडे धावली, मग माझ्याकडे, मग पुन्हा लोलाकडे, आणि रडत रडत म्हणाली की भूक लागलीय.

कचेरीत अर्ज भरायचा होता. पालकाची सही लोलाने सावकाश, जीभ दातांत धरून केली. त्याखाली रकाना होता: प्रशिक्षकाचं नाव. कारकुनाने पेन माझ्यापुढे केलं. लोला खाकरली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. विचारतेय, गुरुवार, शुक्रवार, शनिवार कुणी घेतले?"

"लोला, सहा महिने मी..."

"सहा महिन्यांत चाळीस. तीन दिवसांत एकोणपन्नास. मी शिकलेली नाही गं, पण एवढं समजतं."

कारकून म्हणाला, "आजी, जागा एकाच नावाची आहे."

मी रकान्यात 'पासिंग' लिहिलं आणि उरलेल्या जागेत, मुंगीच्या अक्षरात, 'आणि नोरिंग'. लोलाने अर्ज उचलून डोळ्यांजवळ धरला आणि परत टेबलावर ठेवला.

"हिचं नाव थोडं मोठं लिही," ती कारकुनाला म्हणाली. "ओझी हिनेच वाहायला लावली."