न मोडलेलं धनुष्य

नव्या वर्षाच्या दिवशी, सगळ्या गावादेखत, फूसेपाचं धनुष्य मधोमध कडकन मोडलं.

असं काहीही झालेलं नाही. तेव्हा आपण आधीपासून सुरुवात करू.

आदे हा फूसेपाचा घरजावई. आम्हा लिसू लोकांत लग्नानंतर जावयाने सासऱ्याकडे राबायचं, आणि सासऱ्याचं मन भरलं की बायकोला घेऊन वेगळी चूल मांडायची. फूसेपाचं मन भरता भरत नव्हतं. शेवटी आनाने, म्हणजे आदेच्या बायकोने, बापाला कोपऱ्यात गाठलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, "पावसात, बर्फात माझं धनुष्य सांभाळा. नव्या वर्षाला मी त्याने अंड्यावर नेम धरणार. बाण सुटला, की तुम्हीही सुटलात."

धनुष्य रानतुतीच्या लाकडाचं, दांड्यावर आडवं बसवलेलं, बाण सोडायचा चाप हाडाचा. आमच्या दरीत पाऊस एकदा बसला की पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही, म्हणून धनुष्याचे लाड फार. रोज संध्याकाळी दोरी उतरवायची, नाहीतर ताणून ताणून लाकूड थकतं. दोरीला मेण चोळायचं. बाणाची खोबण कोरडी करायची. मग चुलीवरच्या फळीवर निजवायचं, नुसत्या धुरात, आच लागू न देता. आदे दाराजवळ झोपायचा. तिथे धूरही नव्हता आणि आचही.

रानात जाताना घोंगडं एकच. ते धनुष्यावर.

"मामा, मी भिजतोय."

"तू वाळशील. लाकूड एकदा फुगलं की फुगलं."

सणाच्या तोंडावर बर्फ गावापर्यंत उतरलं, आणि फूसेपाने आदेला रानकोंबडा आणायला वरच्या खिंडीत धाडलं. आदेने अंगातला कोटही काढून धनुष्याला गुंडाळला. दिवस मावळताना परतला तेव्हा हातात कोंबडा नव्हता आणि बोटांत जीव नव्हता. दोरी काही केल्या उतरेना. त्यात फळीवर सणाचं डुक्कर खांडोळ्या करून रचलेलं.

"आना, डुक्कर जरा सरकव की."

"आईला सांग."

आदेने सासूकडे पाहिलं. सासूने आदेकडे पाहिलं. धनुष्य चुलीच्या दगडाला टेकवलं गेलं.

"बोटं ऊब धरली की दोरी उतरवतो," आदे म्हणाला आणि जरा बसला.

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. धनुष्य तसंच ताणलेलं, खडखडीत वाळलेलं, आणि मधोमध केसाएवढी चीर. आदेने चिरेत मेण भरलं आणि वरून इतकं घासलं, की फूसेपाने त्याला आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी दिली.

"चकाकतंय की, जावईबापू!"

आदेच्या जिभेवर खरं आलं होतं. पण शाबासकीची त्याला सवय नव्हती. त्याने आणखी थोडं मेण चोळलं.

मग ते झालं, जे झालेलं नाही. बाण फूसेपाच्याच पायाशी पडला. अंड्याजवळ एक कोंबडी गेली, तिने अंड्याला नीट बघून घेतलं आणि निघून गेली. नव्या वर्षाच्या दिवशीचं अशुभ आमच्यात वर्षभर तोंडातून काढत नाहीत, काढलं तर ते घरी राहायला येतं.

"वा! काय नेम!" शेजारची चीमा आजी ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोरीला लोंबणारे दोन तुकडे घेऊन फूसेपा मान ताठ ठेवून घरी गेला.

"मामा," संध्याकाळी आदेने विचारलं, "मग आम्ही निघायचं ना?"

"बाण सुटला का?"

"नाही."

"का नाही सुटला?"

आदेने तोंड उघडलं. आनाने कोपर मारलं. त्याने तोंड मिटलं.

"मग पुढच्या वर्षी बघू. तोवर सांभाळा."

मोडलेलं नसल्यामुळे नवं करता येत नाही. आदे रोज संध्याकाळी दोन्ही तुकड्यांना मेण चोळतो. आना पहिल्यांदा हसली होती. आता ती न बोलता मेणाचा गोळा पुढे करते. परवा तुकडे फळीवर ठेवताना आदेचे हात तिथेच थांबले.

"मामा, एक रीतसर विनंती आहे."

"बोला."

"सदर जावई बराच काळ ताणलेल्या अवस्थेत असल्याने, यापुढे दररोज संध्याकाळी त्याचीही दोरी उतरवण्यात यावी, त्यास मेण चोळण्यात यावे, आणि चुलीवरच्या फळीवर, आच लागणार नाही अशा बेताने, धनुष्याशेजारी जागा देण्यात यावी."