भरल्या तळ्याची ओटी

अळणावरजवळची मँगेनीजची खाण बंद पडली, खाणवाले निघून गेले, पण जमिनीखालचे बोगदे तसेच राहिले. १९६८च्या उन्हाळ्यात त्यांतल्या एकाचे छत बसले आणि वरच्या तळ्याचा तळ परातीसारखा खचला. होते नव्हते ते पाणी खाली गेले.

तळ्याखालचे भात हीच चंद्रभागेची शेती. पाऊस सरल्यावर दाणा भरतो तो तळ्याच्या पाण्यावर. ते नसेल तर हाती नुसती फोलपटे.

गावाने खड्डा बुजवला. धारवाडपलीकडून गाड्यांनी काळी माती आणली, भिजवली, आणि भाताच्या खाचरात चिखलणी करतात तसे तिच्यावर रेडे फिरवले. पाटबंधारे खात्याचा मेस्त्री वेंकटेश बघून गेला.

"माती पाणी धरेल," तो म्हणाला, "पण खाली पोकळ आहे. यंदा पाणी कमरेवर चढू देऊ नका. बांधातली मोरी उघडी ठेवा."

पाणी कमरेला आले आणि तिथेच थांबले. वरचे मोरीतून पाटाने ओढ्याला जाऊ लागले. पाऊस उतरणीला लागला, भात पोटरीत आले, तशी गावात कुरकुर सुरू झाली. तळे काठोकाठ भरले की बायका त्याची ओटी भरतात, आणि ओटी झाल्याशिवाय कुणी शेताला पाणी लावत नाही.

"अर्ध्या तळ्याची ओटी?" चंद्रभागेची सासू सखूबाई म्हणाली. "पोटात काही नसताना डोहाळजेवण घातल्यासारखं!"

"आत्ती, मेस्त्री सांगून गेलाय," चंद्रभागा म्हणाली.

"त्याच्या बापानं कधी तळं बघितलंय काय?"

नागोजी, चंद्रभागेचा दीर, हसला. "वैनी, थोडेच दिवस मोरी बंद करू. ओटी झाली की सोडू."

चंद्रभागेने आणखी एकदा सांगून पाहिले. तळे गावाचे होते. मोरी बंद झाली.

सांडव्यावरून पाणी पडले त्या सकाळी सगळ्या बायका बांधावर जमल्या. सखूबाईने हळदकुंकू वाहिले, खण सोडला, नारळ सोडला. नारळ हलत हलत मध्यापर्यंत गेला आणि गोल फिरू लागला. आधी सावकाश.

"बघा, खेळतोय कसा!" कुणीतरी म्हणाले.

चंद्रभागा बघत होती. वारा नव्हता. नारळाची फेरी दर खेपेला लहान होत गेली, मग नारळ आत ओढला गेला आणि वर आला नाही.

ती मोरीकडे धावली. जाईल ते जाईल, निदान काही भाताला मिळू दे. नागोजीने आणि तिने मिळून फळी उपसली. पाणी जोरात पाटात शिरले, तिच्या बांधापर्यंत पोचले, पहिल्या खाचरात पसरले. दुसऱ्या खाचराच्या तोंडाशी ते बारीक झाले. तळ्याची पातळी मोरीच्या खाली उतरली होती.

चंद्रभागा तळ्यात उतरली आणि ओटीच्या परातीने पाणी मोरीत फेकू लागली. प्रत्येक परातीमागे पाण्याचा काठ तिच्यापासून थोडा दूर सरकत होता. ती चिखलात एकेक पाऊल पुढे जात होती, आणि फेकलेले पाणी मोरीपर्यंत पोचेनासे झाले होते.

"साकु, अक्का," बांधावरून दुर्गव्वा शेजारीण तिला कानडीत म्हणाली. "पुरे आता. वर ये, तळ बसेल."

चंद्रभागेने परात पुन्हा भरली.