इलाचं पहिलं गिऱ्हाईक

“नोकरी कोणाले पाह्यजे, बाई? तुमाले का पोरीले?”

साड्यांच्या दुकानाच्या मालकीण सरोजिनीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, तेव्हा माधवी वरमली. नाव काय, कितवीला, राहता कुठं, सगळ्याची उत्तरं तीच देऊन बसली होती. इला, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, नालवाडीत. इलाच्या तोंडून अजून एक शब्द निघाला नव्हता.

ऑटोत बसतानाच लेक कुरकुरली होती, “आई, तू काऊन येऊन राह्यली? माझ्या वर्गातली समीक्षा मागच्या दिवाळीत इथंच कामाले होती. ती म्हणे, सुट्टीच्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक नसते तवा जाजो, कॉलेजचा टाइम आपणच आधी सांगजो, अन् आईले संगं नेजो नको.”

“मी नुसती दारात उभी राहीन गं,” माधवी म्हणाली होती. पण पाहुणे आले की पदराआड लपणारी ही पोर. बारावीच्या तोंडी परीक्षेत येत असलेलं उत्तर गिळून आलेली. इथं नाही म्हणाले, तर पुन्हा कुठल्या दुकानाची पायरी चढणार नाही, याच धास्तीनं माधवीचा रात्री डोळा लागला नव्हता.

“नोकरी पोरीला हवी,” माधवी कशीबशी म्हणाली.

“मंग तिले बोलू द्या. काय वं, किती वाजता येशील?”

इलानं आईकडे पाहिलं. माधवीनं ओठ दाताखाली धरले.

“कॉलेज दुपारी सुटते. मंग दुकान बंद होईपर्यंत राहीन,” इला हळूच म्हणाली. मग आईकडे न पाहता, “पण धनत्रयोदशीच्या आधी दोन दिवस माझी टेस्ट आहे. ते दोन दिवस नाई जमणार.”

हे सांगू नकोस म्हणून माधवीनं घरी बजावून ठेवलं होतं. झालं, गेली नोकरी!

“आता सांगतलं ते बरं केलं. मागच्या साली एक पोरगी ऐन गर्दीत गायब झालती.” सरोजिनीबाईंनी माधवीला गादीकडे बोट केलं. “आल्याच आहा तर कामी पडा. गिऱ्हाईक व्हा. मस्त साड्या उकलाले लावा, अन् काईच न घेता उठा. घेणाऱ्या बाईसंगं सारेच गोड बोलते. न घेणारीसंगं हे कशी वागते, ते पाहाचं हाय मले.”

माधवी बसली. समोर इला.

“या काकू,” इला म्हणाली. “घरात नेसायला पाहता, की कार्यक्रमाला?”

काकू! माधवीनं उगाच पदर सारखा केला.

“कार्यक्रमाला. फिकी दाखवा.”

साड्या उलगडत गेल्या. हिचा काठ मोठा, तिचा रंग उतरेल, ही फारच चकाकते. इलाच्या कपाळावर घाम आला, एकदा शब्दही अडखळला. माधवीच्या जिभेवर तो आयता होता. पण गिऱ्हाईक कधी शब्द पुरवतं का?

इला उठली. वरच्या फळीवरून एक जांभळी साडी काढून तिनं पुढं धरली.

“काकू, तुम्ही दरवेळी दुसऱ्याच्याच पसंतीचं घेत असाल. एकदा ही खांद्यावर टाकून पाहा. नाई घेतली तरी चालते.”

जांभळा आपल्याला आवडतो, हे माधवीनं घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. आरशात ती स्वतःकडे बघत राहिली. पोरीवर नजर ठेवता ठेवता इतकी वर्षं गेली. पोरही आपल्याकडे पाहत होती, हे कसं लक्षात आलं नाही?

घेऊनच टाकावी, असं अगदी ओठांवर आलं. सरोजिनीबाई खाकरल्या.

“नको,” माधवी उठली. “पुन्हा कधी येईन.”

“हो काकू, आरामात पाहा. येजा बरं पुन्हा.” इला हसली. मनापासून हसली, आणि जांभळी साडी मांडीवर घेऊन तिची घडी घालू लागली.

“काठ वर येऊ दे घडीत,” सरोजिनीबाई तिच्या शेजारी टेकत म्हणाल्या. “हं, अशी. आजपासूनच थांब आता.”

तेवढ्यात दोन बायका आत शिरल्या. “या ताई, बसा ना,” इलाचा आवाज मागून आला. माधवीला वळून काहीतरी सांगायचं होतं, जेवणाचं की परत येण्याचं; पण ती तशीच दाराबाहेर आली.

पायरीवर दोघींच्या चपला शेजारी शेजारी होत्या. तिनं आपल्या पायांत घातल्या. इलाच्या उचलल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येऊ नयेत म्हणून भिंतीशी नीट लावून ठेवल्या, आणि ती ऑटो बघायला रस्त्याकडे निघाली.